आईच्या ओट्यावरचा वाफेचा ओव्हन : प्रकल्प नोंदी

13 जुलै 2025, रविवार

खोकं उघडलं. 32 लिटरची पेटी; मायक्रोवेव्ह, ग्रिल, कन्व्हेक्शन (म्हणजे गरम हवा) आणि वाफ, चारी कामं एकाच दारामागं. उजवीकडं पाण्याची एक लिटरची टाकी सरकवायची. दुकानात 'स्टीम' लिहिलेले याहून स्वस्त होते, पण त्यांत वाफेचं वेगळं काही नसतं. झाकणाचं एक भांडं देतात, त्यात पाणी घालून मायक्रोवेव्हनंच उकळायचं. याच्यात पाणी तापवणारा भाग वेगळा आहे आणि वाफ मागच्या भोकातून आत येते. म्हणून हा घेतला.

घेतला कशासाठी, तेही लिहून ठेवतो. आईचे गुडघे गेलेत. गौरी-गणपतीला दोन-दोन तास मोदकपात्रापुढं उभं राहणं तिला आता झेपत नाही आणि दुसऱ्या कुणी केलेले मोदक तिला पटत नाहीत. तेव्हा मुदत 27 ऑगस्ट, चतुर्थी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी मेंटेनन्स बघतो. नवीन मशीन आलं की पहिल्यांदा लॉगबुक उघडायची सवय. घरचं मशीन त्याला अपवाद कशाला?

दुकानातून डेमो द्यायला आलेल्या पोरानं पहिलं काम काय केलं, तर ओव्हनचा जाड तीन पिनी प्लग कन्व्हर्जन प्लगमध्ये खुपसून मिक्सरच्या सॉकेटला लावला. "चालतंय साहेब, सगळीकडं असंच लावतोय." दहा मिनिटं कन्व्हेक्शन चालवून मशीन दाखवलं, सही घेतली, गेला. मी प्लगला हात लावला तर चटका बसला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्चीतून म्हणाले, "सैल प्लग म्हंजे शेकोटी. काढ त्यो."

पाठीमागच्या पत्र्यावर कमाल 2950 वॅट लिहिलंय. 230 व्होल्टला भागलं की 12.8 अँपिअर. मिक्सरचं सॉकेट 6 अँपिअरचं. हे गणित पोराला येत नसेल असं नाही, त्याला दिवसात सहा घरं उरकायची असतात. प्लग काढला, ओव्हन परत खोक्यात.

15 जुलै, मंगळवार

16 अँपिअरची वेगळी लाइन ओढायची म्हणून आधी अर्थिंग बघितलं. बघितलं ते बरंच झालं.

मल्टिमीटरवर फेज ते न्यूट्रल 231 व्होल्ट. फेज ते अर्थ 96, तेही हलणारं. असं अधांतरी रीडिंग दिसलं की समजायचं, हिरवी वायर कुठंच पोचलेली नाही. माग काढत गेलो. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं. कुणीतरी कधीकाळी अर्थिंगची तार मोरीतल्या लोखंडी नळाला गुंडाळलेली. आणि तो नळ सहा वर्षांपूर्वी आम्हीच बदलून प्लॅस्टिकचा केला. तार तशीच भिंतीबाहेर लोंबतेय, टोकाला पाइपाचा वीतभर तुकडा.

म्हणजे सहा वर्षं फ्रिज, गिझर, मिक्सर सगळं बिनअर्थिंगचं. कारखान्यात दर सहा महिन्यांनी अर्थपिटचं रीडिंग घेणारा माणूस मी. जास्त लिहीत नाही.

परसात तुळशीच्या पलीकडं खड्डा काढला, पाइप पुरला, कोळसा-मिठाचे थर दिले. पोतंभर मीठ बघून आईनं विचारलं, "लोणचं घालताय व्हय रं?"

आता फेज-अर्थ 230, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट.

19 जुलै, शनिवार

पेठेतल्या वायरमनमामांनी मेन बोर्डापासून नवी लाइन ओढली. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) आणि अख्ख्या घरालाच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा). एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. मामा हे प्रत्येक घरात सांगतात आणि प्रत्येक घर "एकच बसवा की" म्हणतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघितलं, खटकन पडला. दर महिन्याला दाबायचं. कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात लिहून टाकलंय, ते पान आई चुकवत नाही.

जागेवरून वाद झाला. आईला ओव्हन मसाल्याच्या फळीखाली हवा होता, कारण तिथं मिक्सर होता. पण यंत्राची वाफ मागच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडते आणि नेमका त्याच्यावर स्विचबोर्ड. वाफ बोर्डात गेली की आत पाणी होणार. शिवाय फळीवरच्या कांदा-लसूण चटणीच्या बरणीत गुठळ्या. दुसऱ्या मुद्द्यावर आई लगेच तयार झाली.

खिडकीखाली ठेवला. पुस्तिकेप्रमाणं वर 20 सेंटिमीटर मोकळे, मागं 10, बाजूंना 5. अण्णांच्या मापात वर एक वीत, मागं एक मूठ, बाजूला तीन बोटं. संध्याकाळी बघतो तर ओव्हनवर क्रोशाचा रुमाल, त्यावर पितळी घंघाळ आणि घंघाळात प्लॅस्टिकची फुलं. वरच्या झरोक्यातूनच त्याला श्वास घ्यायचाय, हे सांगितल्यावर रुमाल टीव्हीवर गेला.

20 जुलै, रविवार

पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं कन्व्हेक्शनवर रिकामा तापवला, नवेपणाचा तेलकट वास निघून गेला. हे फक्त कन्व्हेक्शनला. मायक्रोवेव्हवर रिकामा कधीही चालवायचा नाही. शोषून घ्यायला आत काही नसलं की लहरी फिरून त्या तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवरच येतात. आत एक ग्लास पाणी ठेवायची सवय लावून घेतोय, चुकून बटण दाबलं गेलं तरी नुकसान नको. हा ग्लास वाफ किंवा कन्व्हेक्शन लावताना बाहेर. आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी मी तो विसरलो.

आखाडातला शेवटचा रविवार, म्हणून मटण. रात्री उरलेला तांबडा रस्सा धाकट्या मुलीनं डब्यातच गरम केला. डबा मायक्रोवेव्हला चालणारा, तळाला खूण असलेला. तरीही तर्रीच्या रेषेला आतून बरोब्बर कडं पडलं, प्लॅस्टिक खरखरीत झालं. पाणी सहसा शंभराच्या वर जात नाही, तेल जातं. तर्री तरंगते तिथंच डबा भाजला. आमच्या गावात हा नियम वेगळा लिहावा लागेल: तांबडा रस्सा काचेत. पांढरा उतू जातो, त्याला भांडं दुप्पट मोठं.

थर्मामीटर घालून बघितला. कडेला रस्सा 85 अंश, मधल्या मटणाच्या फोडीत 48. म्हणजे वर बुडबुडे येतात आणि आतली फोड कोमट. ढवळला, झाकला, परत दीड मिनिट, मग दोन मिनिटं तसाच. सगळीकडं 75 च्या पुढं गेल्यावर वाढला. कोमट राहिलेल्या मटणात जंतू मरत नाहीत, उलट त्यांना ऊब मिळते.

23 जुलै, बुधवार

परवापासून श्रावण, म्हणून अंड्याचा प्रयोग आजच उरकला. खरं तर हा अख्खा प्रकल्प मला अंड्यानं समजावला.

धाकटीनं विचारलं, "बाबा, अंडी ह्याच्यात उकडतात का?" पुस्तिकेत एका पानावर कवचासकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये असं लाल अक्षरात आहे, आणि आठ पानं पुढं वाफेच्या तक्त्यात अंडी, कवचासकट, 15 मिनिटं. दोन्ही बरोबर आहे. मायक्रोवेव्ह अंड्याच्या आतल्या पाण्यालाच तापवते, आतली वाफ कवचात कोंडते आणि अंडं फुटतं. कधी आत, कधी बाहेर काढल्यावर हातात. सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा परत गरम करताना फुटतं, त्याचे आधी तुकडे करायचे. वाफेवर मात्र उष्णता बाहेरून हळूहळू आत जाते, चुलीवर उकडल्यासारखीच. 15 मिनिटांनी पाच अंडी निघाली, एकालाही तडा नाही.

तेच अंडं, तीच पेटी. बटण वेगळं.

आम्ही ह्याला एक मशीन समजतोय, इथंच गडबड आहे. ग्रिल कन्व्हेक्शनमध्येच धरलं तर ही तीन मशीनं आहेत आणि तिघांना दार एकच. मायक्रोवेव्हला धातू चालत नाही, प्लॅस्टिक चालतं. कन्व्हेक्शनला धातू लागतो, प्लॅस्टिक वितळतं. वाफेला दोन्ही चालतात, पण ती माणसाला भाजते. एका मशीनची चांगली सवय दुसऱ्याला नेली की अपघात. आणि दोन एकत्र, कॉम्बी लावलं की दोघांचे नियम एकदम लागू: धातू नाही, प्लॅस्टिकही नाही, फक्त ओव्हनची काच आणि चिनी माती.

27 जुलै, रविवार

घरातली भांडी ओट्यावर काढून ढीग केले. आईला वाटलं रद्दीवाला येणार आहे.

सोनेरी काठाचे कप बाद, काठावर ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या ताटल्या बाद, त्या स्वतःच तापतात. स्टील, पितळ, ॲल्युमिनिअम वाफ आणि कन्व्हेक्शनला. बोरोसिल काच तिन्ही ठिकाणी, पण तापलेली काच ओल्या कडाप्प्यावर ठेवायची नाही, तडकते; लाकडी पाट ठेवलाय. खूण नसलेल्या चिनी मातीच्या भांड्यांची परीक्षा: रिकामं भांडं आत, शेजारी कपभर पाणी, एक मिनिट पूर्ण पॉवर. पाणी गरम आणि भांडं गार तर पास. भांडं गरम आणि पाणी गार तर नापास. आईच्या दह्याच्या दोन सटांपैकी एक पास, एक नापास, दिसायला जुळ्या बहिणी.

धाकटीसाठी पापडाचा खेळ केला. फिरतं ताट काढून आत उडदाचे कच्चे पापड सपाट पसरले, 40 सेकंद. पापड ठिपक्याठिपक्यांनी फुलले, मधे कच्चे. दोन फुललेल्या जागांत पट्टीनं साधारण 6 सेंटिमीटर. लहरीची लांबी 12.2 सेंटिमीटर, तिच्या निम्मं. तिनं वहीत लिहून घेतलं, शाळेत भाव खाणार. माझ्या दृष्टीनं ते कच्चे ठिपके महत्त्वाचे: रस्सा मधे कोमट का राहिला ते ताटलीत दिसलं. ताट फिरतं तरी ढवळायला लागतंच.

शेजारच्या काकू पापड खात म्हणाल्या, "पण किरणं बाहेर येत असतील की." त्यांच्या मुलानं फोन आत ठेवून रिंग दिली होती, वाजला. फोनची परीक्षा खोटी आहे. फोन अगदी कणभर सिग्नललाही वाजतो. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची आणि लहर 12 सेंटिमीटरची. उजेड बाहेर येतो, ती येत नाही. थोडीफार गळती प्रत्येक ओव्हनला असते, तिची कमाल मर्यादा 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट, आणि अंतर वाढलं की ती झपाट्यानं कमी होते. दार उघडलं की खटके पडून मॅग्नेट्रॉन तिथल्या तिथं बंद. काळजी करायची तर दाराची करा: वाकलेलं बिजागर, दाराच्या कडेला साचलेलं खरकटं, दारावर लटकणारी पोरं. आणि फोन आत ठेवू नका, कुणीतरी बटण दाबेल.

29 जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज तवा चढवायचा नाही, विळी-सुरी धरायची नाही. पुरणाचे दिंड वाफेवर. वाफेच्या मशीनला याहून चांगला मुहूर्त कुठला?

टाकी भरली की नाही हे अण्णांनी तीनदा बघितलं. साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून त्यांची उभी हयात गेली. 1923 च्या बॉयलर कायद्याखालची परीक्षा दिलेली, दुसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट अजून ट्रंकेत. पाळीवर गेलं की आधी गेज ग्लासमधलं, म्हणजे बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं, पाणी बघायचं, मग कुणाला रामराम. ओव्हनपुढंही तेच. एकवीस किलोच्या प्रेशरवर काम केलेल्या माणसाला ही पेटी म्हणजे खेळणं वाटेल असं मला वाटलेलं. ते दोन पावलं लांब उभे होते.

मी म्हटलं, "अण्णा, ह्यात प्रेशरच नाही. कुकरमध्येसुद्धा ह्याच्याहून जास्त असतं."

"प्रेशर नसंना का. वाफ हाय न्हवं?"

22 मिनिटांनी टिंग झालं. मी दार सताड उघडलं. समोरून उभा राहून, तोंड पुढं करून, दिंड फुटले का बघायला. चष्मा पांढरा झाला, आणि उजवं मनगट आतल्या बाजूनं असं पोळलं की हातातलं फडकं गळून पडलं.

मनगट नळाखाली. आई हळद आणि तूप घेऊन आली, बायकोनं टूथपेस्ट काढली. अण्णा म्हणाले, "काय लावू नका. पाणी सोडा." आधी घड्याळ काढलं, मग वाहत्या गार पाण्याखाली पुरी 20 मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. बर्फ नाही. फोड आला नाही, दोन बोटं रुंद लाल पट्टा आला.

नळाखाली उभं असताना गणित केलं, दुसरं करायला काय होतं? एक ग्रॅम उकळतं पाणी हातावर सांडून कातडीच्या तपमानाला येईपर्यंत साधारण 65 कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ हातावर बसून तिचं नुसतं पाणी होताना 540 देते, आणि ते उकळत्या पाण्याचे 65 वर. दुसरं असं, की पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट फुगतं. 32 लिटरची पोकळी भरायला चार चहाचे चमचे पाणी पुरतं. आम्ही टाकीतलं पाव लिटर संपवलं होतं.

जेवताना अण्णांनी खराट्याची गोष्ट सांगितली. मोठ्या लाइनला गळती लागली की शिट्टीसारखा आवाज येतो, पण दिसत काहीच नाही. मग खराटा हातभर पुढं धरून चालायचं. जिथं खराट्याच्या काड्या उडतील तिथं गळती. हात पुढं करणाऱ्याचा हात जायचा.

"ती पांढरी दिसती ती वाफ न्हवं. ते गार झालेलं पाणी. खरी वाफ दिसत न्हाई," असं म्हणून त्यांनी दिंडावर तूप घेतलं.

मग ओव्हनच्या मागच्या भोकाजवळ टॉर्च धरून बघितलं. खरंच, भोकाच्या तोंडाशी बोटभर जागा अगदी स्वच्छ, त्याच्या पुढं धुकं.

ठरलं ते असं. टिंग झाल्यावर दोन मिनिटं थांबायचं. बाजूला उभं राहून दार चार बोटं किलकिलं करायचं, वाफ वर जाऊ द्यायची, मग पूर्ण उघडायचं. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, तेही कोरडे. ओल्या फडक्यातून चटका लवकर हाताला पोचतो. धाकटीची हनुवटी बरोबर ओव्हनच्या उंचीला येते, तेव्हा वाफेनंतर दार तिनं उघडायचं नाही.

दिंड चांगले झाले होते.

6 ऑगस्ट, बुधवार

ठिणग्या. कारण मी.

सकाळी कन्व्हेक्शनवर ब्रेडच्या फोडी कुरकुरीत केल्या, उंच लोखंडी जाळीवर. जाळी आत तशीच ठेवून कामाला गेलो. चारला धाकटी शाळेतून आली, दुधाचा कप जाळीवर ठेवला, मायक्रोवेव्ह, एक मिनिट. तिच्या शब्दांत, "आत वेल्डिंग सुरू झालं." जाळीचा पाय भिंतीला टेकत होता तिथं निळ्या ठिणग्या. पोरीनं बंदचं बटण दाबलं, भिंतीवरचा स्विच पाडला, दार उघडलं नाही, आजीला हाक मारली. हे सगळं तिला आधी सांगून ठेवलं होतं: आत जाळ, धूर, ठिणगी काहीही दिसलं तरी दार उघडायचं नाही, हवा मिळाली की जाळ वाढतो, बंद पेटीत आपोआप विझतो.

संध्याकाळी उघडून बघितलं. जाळीच्या पायाचं टोक काळं. आतल्या भिंतीवर मोहरीएवढा काळा डाग, तो पुसल्यावर गेला, खालचा मुलामा शाबूत. उजवीकडची अभ्रकाची पट्टी (लहरी आत येतात त्या भोकावरचं झाकण) मात्र एका कोपऱ्याला जळालेली, तिथं आधीपासून रश्शाचे शिंतोडे होते. तेलकट अभ्रकावर ठिणगी लवकर पडते.

फाउंड्रीतला एक मित्र म्हणाला, मागचा पत्रा खोल, पाच मिनिटांचं काम, बघूया आत काही जळालंय का. त्याला साफ नाही म्हटलं. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. कारखान्यात 440 व्होल्ट हाताळणारी माणसं घरच्या ओव्हनला हात लावून दगावल्याचं आम्ही ऐकलेलं आहे. सर्व्हिसचा माणूस शुक्रवारी येणार, तोपर्यंत बंद.

पोरीला कुणी रागावलं नाही. आई मला म्हणाली, "मी काय सांगत होतो? भांडं काढल्याबगर मशीन सोडायचं नस्तंय."

10 ऑगस्ट, रविवार

सर्व्हिसच्या माणसानं अभ्रक बदललं, दाराचे खटके तपासले. ओव्हन ठीक.

आता नियमांचा कागद दारावर चिकटवावा असा विचार होता. बायको म्हणाली, कागद चार दिवस वाचतात. खरं आहे, कारखान्यातसुद्धा बोर्डावरच्या सूचना कुणी वाचत नाही, म्हणून आम्ही मशीनवर काम चालू असताना स्विचला कुलूप आणि टॅग लावतो. तेच घरी केलं. लोखंडी जाळी आणि वाफेची भोकाची थाळी, दोघींच्या खुंटीवर लाल फितीचा एकेक गोफ. जाळी खुंटीवरून काढली की गोफ ओव्हनच्या मुठीत अडकवायचा. जाळी परत खुंटीवर आली तरच गोफ खाली येणार. मुठीवर लाल दिसलं की मायक्रोवेव्हचं बटण दाबायचं नाही, आत धातू आहे. वाचायला काही नाही. अण्णांना बघता क्षणी समजलं.

दुसरी एक गोष्ट याच आठवड्यात कळली. कन्व्हेक्शननंतर पोकळी अर्धा तास तरी तापलेली असते. त्यात मायक्रोवेव्हचा प्लॅस्टिक डबा ठेवला तर लहरींनी नाही, नुसत्या उबेनंच तो मऊ होऊन बसतो. बायकोचा निळा डबा बसला. आता जाळी आधी गार करायची, मग खुंटीवर, मग गोफ काढायचा. गोफ आपोआप अर्धा तास मुठीवर राहतो. हे मी योजलेलं नव्हतं, पण श्रेय घेतलं.

17 ऑगस्ट, रविवार

चार दिवस पावसाची झड. वीज दहा मिनिटांत तीनदा गेली-आली. ओव्हनचा स्विच पाडून ठेवला, वीज स्थिर होईपर्यंत सुरू करायचा नाही.

टाकीत तळाला पांढरी साय दिसली. चौकशीअंती कळलं, अण्णा रोज बोअरचं पाणी भरत होते, "नळाचं कशाला घालवायचं?" पण आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की गिझरची कॉइल दोन वर्षांत दगड होते. बॉयलरला मऊ केलेलं पाणी लागतं हे तर अण्णांनीच मला शिकवलं. तेवढं बोलल्यावर ते काही न बोलता उठले आणि बोअरचा तांब्या बाहेर ठेवून आले.

लिंबूसत्त्व पुस्तिकेत दिलं तेवढं पाण्यात विरघळवून सफाईचा प्रोग्रॅम चालवला, मग दोनदा साध्या पाण्यानं. ब्लीचिंग वगैरे काही नाही, त्याचा आम्लाशी संबंध आला की विषारी वायू होतो. यापुढं गाळलेलं नळाचं पाणी, रोज ताजं. काम झालं की टाकी रिकामी, पोकळीच्या तळाला साचलेलं पाणी पुसून घ्यायचं, दार तासभर उघडं. पावसाळ्यात हे टाळलं तर आत बुरशीचा वास येतो, दोनच दिवसांत आला होता.

अण्णांचा चहा. त्यांना सकाळी पाचला कुणाला न उठवता नुसतं पाणी उकळून हवं असतं. गुळगुळीत काचेच्या ग्लासात पाणी कधीकधी शंभराच्या वर जातं तरी उकळ्या फुटत नाहीत. मग चमचा घातला की एकदम उसळून अंगावर. म्हणून ग्लासात आधीच लाकडी चमचा, आणि थांबल्यावर अर्धा मिनिट हात लावायचा नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बॉयलरबी असाच उसळतोय."

27 ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

सकाळी सहाला उकड. आई खुर्चीत बसून कळ्या पाडत होती, पहिल्यांदाच बसून. भोकाच्या थाळीवर हळदीची पानं, त्यांवर 21 मोदक. टाकी भरली, अण्णांनी बघितली. गोफ मुठीवर. वाफ, 100 अंश, 14 मिनिटं.

टिंग झाल्यावर दोन मिनिटं सगळे गप्प उभे. मी बाजूला झालो, दार चार बोटं. वाफ खिडकीतून परसात गेली, हळदीच्या पानाचा वास मागं राहिला. एक मोदक नाकाशी चिरला होता, बाकी वीस नीट. चिरलेला आईनं उचलून बाजूला ठेवला. "उकड जरा सैल झाली. मशीनचा काय दोष न्हाई."

दुसरी थाळी आत असताना अण्णा गार झालेला चहा घेऊन आले. ओव्हनसमोर थांबले, मुठीवरचा लाल गोफ बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि कप घेऊन गॅसकडं वळले. पातेलं शोधत होते. ते नैवेद्याच्या खिरीत अडकलेलं होतं.

"मग चहा कशात करू?"

"थांबा की 14 मिनिटं," आई म्हणाली.

गार चहा पिऊन टाकला त्यांनी.